यादीतली सातवी ओळ

४ मार्च

माननीय ग्राहक,

आपले २६ फेब्रुवारीचे चौकशीपत्र दुकानाला मिळाले. प्रत्येक चौकशीला लेखी उत्तर द्यायचे, असा मालकांचा नियम आहे. उत्तरे मी लिहितो, कारण दुकानात शब्दकोश फक्त माझ्याकडे आहे. मालक म्हणाले, "पंडित, पाच प्रकार विचारलेत त्यांनी. पाचही सांग. आपल्याकडे तीनच आहेत, हे शेवटी सांग."

आठ वर्षांची होणाऱ्या मुलीसाठी कच्च्या जमिनीवर चालणारी रेडिओची गाडी हवी. बगी, ट्रगी, मॉन्स्टर ट्रक, शॉर्ट कोर्स ट्रक आणि क्रॉलर यांतले काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. जमीन कशी आहे, ते मात्र लिहिलेले नाही. आधी जमीन बघायची, मग गाडी. हे आपल्याला एके काळी माहीत होते.

बगीपासून सुरुवात करतो. बुटकी, हलकी, चारही चाके उघडी, मागे आडवी पट्टी. दाबून बसवलेल्या मातीवर तिच्याइतके वेगवान काही नाही. उडी मारली तर चारही चाकांवर उतरते. पण तिचे पोट जमिनीला टेकलेले असते, त्यामुळे गवत, खडी, विटांचे तुकडे आले की अडकते. मोठ्या मापाची बगी साडेतीन किलोची असते आणि मोटरसायकलच्या वेगाने जाते. समोर कोण आहे, हे तिला कळत नाही. आठ वर्षांच्या मुलीला ही देऊ नये. खरे तर कोणालाच देऊ नये, पण हे मालकांना दाखवून लिहिलेले नाही.

दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर नऊ ओळींची तपासणीची यादी जाते. प्रत्येक ओळीसमोर माझ्या हाताची खूण असते. सातवी ओळ अशी आहे: गाडी उचलून ठेवावी, रिमोट बंद करावा, चाके थांबतात का ते बघावे. थांबत नसतील, तर ती गाडी दुकानाबाहेर जात नाही.

आपले अक्षर बदललेले नाही. 'ट' अजूनही गुडघ्यात मोडल्यासारखा काढता. 'आणि' अजूनही दीर्घ लिहिता. पत्र दुकानाच्या पत्त्यावर आले. दुकानापासून तीन गल्ल्या पलीकडे एक घर आहे, त्याचाही पत्ता बदललेला नाही. सहा वर्षांत तिकडे एकही पत्र आले नाही, म्हणून कळवले.

बाकीच्या चार प्रकारांसाठी आधी जमीन कळवावी.

आपला,
दुरुस्ती विभाग
(दुरुस्ती विभाग म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मी.)


१३ मार्च

दादा,

ठीक आहे. मीच.

"बारक्या, तूच ना रे? आपण-बिपण काय लावलंयस? दुकानात कधीपासून?" एवढंच विचारलंस. दुकानात तू गेलास त्याच वर्षीच्या जूनपासून. अकरावीचा निकालही आणायला गेलो नाही. बाबांना कारखान्यात लेथवर उभं राहता येईना, आणि तू तर गेलेलाच होतास. कोणीतरी कामाला लागायला हवं होतं. मालकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय येतं?" मी म्हणालो, "गाड्या जोडता येतात आणि शुद्ध लिहिता येतं." ते म्हणाले, "पहिल्याचा पगार देतो, दुसऱ्याचं कौतुक करतो." शब्दाला जागले आहेत.

जमिनीबद्दल तू लिहिलंस: घरामागे मोकळी जागा, अर्धी दगडांची, अर्धी बांधकामातून उरलेली वाळू, मध्ये एक नाला. म्हणजे बगी बाद. बरं झालं.

ट्रगी म्हणजे बगीचाच सांगाडा, जरा लांब आणि रुंद केलेला, आणि चाकं मोठी. बगी जिथे अडकते तिथून ही निघून जाते. वळणावर सहसा उलटत नाही. पण जड आहे, बॅटरी खाते, आणि खड्डा दिसला की हाताला वाटतं, निघेल. म्हणून माणूस जास्त जोर लावतो आणि मागचा दांडा मोडतो. मला ट्रगी आवडत नाही. धड इकडची ना तिकडची, आणि वर ऐट.

मॉन्स्टर ट्रक मुलांना आवडतो. मोठी फुगीर चाकं, उंच पोट. दगड, वाळू, पायरी, कशावरूनही जातो. उलटतोही कशावरूनही. आपटून घेण्यासाठीच केलेला आहे, त्यामुळे सहसा मोडत नाही; आजूबाजूचं मोडतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो पत्राच्या शेवटी, पानाच्या कडेला, आडवा लिहिलास. "वीस एप्रिलला ठकीचा वाढदिवस. तिला घेऊन यावं म्हणतो. बाबांना विचार, येऊ का. ते नाही म्हणाले तर नाही येणार, पण विचार."

विचारतो. वेळ बघून विचारतो. तुला बाबांची वेळ बघायची सवय राहिलेली नसेल, म्हणून सांगतो. सकाळी सहाला उठतात. पलंगाच्या कडेला बसतात. गुडघ्याचा पट्टा मी बांधतो. त्याला चार बकलं आहेत: दोन मांडीवर, एक गुडघ्याच्या मागे, एक पोटरीवर. मागचं बक्कल त्यांच्या हाताला येत नाही. ते घट्ट झालं तर पाय सुजतो, सैल राहिलं तर गुडघा सुटतो. तिसऱ्या भोकात लावायचं. सहा वर्षं मी तिसऱ्या भोकात लावतो आहे. त्या वेळेत आम्ही बोलत नाही. नंतर ते खिडकीत बसून वाकडे झालेले खिळे सरळ करतात. कोणाला नको असतात ते खिळे. डबा भरला की मी ते दुकानात आणतो आणि मालक कौतुकाने ठेवून घेतात.

तुझं नाव घरात निघत नाही. तुझा आणि वहिनीचा लग्नातला फोटो कपाटावर उलटा ठेवलेला आहे. फेकलेला नाही. धूळ मी पुसतो, उलट्या बाजूची.

तू म्हणशील, बारक्या टोमणे मारतो. मारतो. समोर असतास तर मारले नसते, तेवढी माझी छाती नाही.

बारक्या


२४ मार्च

दादा,

तुझी दोन पत्रं एकदम आली. दोन्हींत एकच प्रश्न. "विचारलंस का?" नाही विचारलं. मध्ये त्यांना ताप होता. मग ताप उतरला, तर हवा बदलली आणि गुडघा दुखायला लागला. मग काल विचारणार होतो, तर खिळ्यांचा डबा सांडला.

शॉर्ट कोर्स ट्रकबद्दल आज लिहितो. हा दिसायला खऱ्या ट्रकसारखा असतो. चाकांवरून झाकण येतं, पुढे-मागे बंपर असतात. एकमेकांना धक्के मारत पळवायला चांगला, कारण चाकात चाक अडकत नाही. दोष एकच: उडी मारली की झाकणाखाली हवा भरते आणि गाडी छत्रीसारखी मागे ओढली जाते. उतरताना शेपटीवर उतरते. वरून सगळं झाकलेलं असलं की आतलं दिसत नाही, हेही आहे. आमच्याकडे परवा एक आला. गाडीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "आवाज येतो नुसता, बाकी काही नाही." झाकण काढलं तर आतली दोन दातेरी चाकं झिजून गोल झाली होती. बाई म्हणाल्या, "अहो, पण वरून तर नवी कोरी दिसते!"

तू लिहिलंस, मी तुला दोष देतो का. देतो. तुला काय वाटलं?

रोज सकाळी बक्कल लावताना देतो. बाबांना घेऊन दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना देतो. लोक विचारतात, "मोठा कुठे असतो?" तेव्हा देतो. चार दिवसांत सामान बांधलंस, वहिनी आणि दोन वर्षांची ठकी घेऊन निघालास. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि म्हणालास, "सांभाळ रे." कोणाला? कसं? सतरा वर्षांच्या पोराला असं सांगून पाठ फिरवतात का? बाबा रागावले होते, मान्य. बाप रागावतो. उंबऱ्यावर बसून राहायचं होतंस. आठ दिवसांत विरघळले असते. तू मात्र मोठा मानी. एक शब्द लागला की झालं, निघाले साहेब.

तू लिहिलंस, "मी रिमोटचा ट्रिगर सोडला होता. गाडी माझ्या ताब्यात नव्हती. तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो." हो, तेव्हाही सांगितलंस. ट्रॅकवर ओरडून सांगितलंस, दवाखान्यात सांगितलंस, घरी पलंगाशी उभा राहून सांगितलंस. सगळ्यांनी ऐकलं.

तो दिवस मला पाठ आहे, उगाच आठवण करून द्यायला नको. मैदानामागचा मातीचा ट्रॅक. तू वर फळ्यांच्या मचाणावर, रिमोट घेऊन. बाबा तिसऱ्या वळणावर मार्शल. उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायचं काम त्यांनी हौसेने मागून घेतलं होतं. म्हणायचे, "लेकाची गाडी पळते, बापाने निदान झाडलोट तरी करावी." कोणाची तरी निळी गाडी उलटली होती. ते वाकले. पाठ आपल्याकडे होती. आपली बगी सरळ रस्त्यावरून आली आणि वळलीच नाही. आवाज कमी झाला नाही. मी कुंपणाशी उभा होतो. आवाज वाढला.

दवाखान्यात बाबा म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांसाठी स्क्रू काढले, आता दोन मलाच लागले." तेव्हा ते अजून हसत होते. तेव्हा ते तुझ्यावर रागावलेलेही नव्हते, आठवतं का? राग नंतर आला.

तुझ्या पत्रातली एक ओळ मला आवडली नाही. "कधी कधी मलाच वाटतं, बोट राहिलं असेल. सहा वर्षं रिमोट हातात धरला नाही. ठकीने हट्ट धरला म्हणून गाडीचा विचार." असलं लिहू नकोस. उपयोग काय त्याचा?

क्रॉलर राहिला. त्याबद्दल नंतर. मालक हाक मारतायत.

विचारतो बाबांना. नक्की विचारतो.

बारक्या


५ एप्रिल

दादा,

विचारलं.

काल सकाळी. चौथं बक्कल लावून झाल्यावर तसाच खाली बसून राहिलो. म्हणालो, "बाबा, दादाचं पत्र आलंय. ठकीला घेऊन यायचं म्हणतोय."

त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "केवढी झाली?"

"आठ होतील."

"बोलते का चुरूचुरू?"

"मला काय माहीत, बाबा. मी कुठे बघितलंय?"

मला वाटलं, झालं. हो म्हणणार. पुढे काय म्हणाले, ते जसंच्या तसं लिहितो, कारण मी ते लगेच वहीत उतरवलं आहे.

"हे बघ. पाय गेला त्याचं मला काही नाही. खेळात लागतं माणसाला. माझ्या लेथवर किती जणांची बोटं गेली, कोणावर राग धरून बसलो का मी? 'बाबा, चुकलं, हातून सुटली' म्हणाला असता, तर मीच त्याला जवळ घेतला असता. पण तो माझ्या तोंडावर खोटं बोलला. सोडला होता म्हणे. गाडीत बिघाड म्हणे. गाडी आणून दाखवली मला, आणि गाडीनेच त्याला खोटं पाडलं. चूक करणारा चालेल. खोटं बोलून दुसऱ्याच्या माथी मारणारा मला घरात नको. पोरीला तू जाऊन भेटून ये."

"दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या?" मी विचारलं.

"कोणाच्या म्हणजे? गाडी कोण जोडायचा? तू. तुझ्यावर ढकलत होता तो. मी गप्प बसून ऐकून घ्यायचं होतं का?"

असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला.

दादा, क्रॉलरबद्दल आधी लिहावं, असं कालपासून मनात येतं आहे. ते लिहायला बसलो की हे राहील. म्हणून आधी हे.

त्या दिवशी सकाळी मी टेबलावर मोटर बसवून घेत होतो. नवी मोटर, हळूहळू फिरवून मोकळी करायची असते. तासभर ट्रिगर कोण धरून बसणार, म्हणून मी ट्रिगरला रबर लावलं होतं. ते माझंच डोकं. तू म्हणायचास, "बारक्या, तू आळशी नाहीस, पण तुझी बोटं आहेत." नंतर गाडीतला रिसीव्हर मध्येच सिग्नल गमवायला लागला, म्हणून त्याची आणि रिमोटची पुन्हा ओळख करून दिली. बाइंड. बटण दाबलं. ट्रिगरवरचं रबर तसंच होतं.

तुला कळलं असेल. तरी पूर्ण लिहितो, अर्धवट लिहायची सहा वर्षं झाली. बाइंड करताना ट्रिगर जिथे असतो, तेच रिसीव्हर लक्षात ठेवतो. सिग्नल तुटला की त्याने तसंच वागायचं. ट्रिगर मोकळा असेल तर थांबायचं. रबराने ओढलेला असेल तर पळायचं.

बाइंड झाल्यावर गाडी हलेना, तेव्हा मला रबर दिसलं. काढलं. स्विच बंद करून चालू केला. गाडी गुणी लेकरासारखी चालली. मला वाटलं, निस्तरलं. मग यादी घेतली. तेव्हाही माझी यादी होती, वहीच्या पानावर. सातवी ओळ तेव्हाही हीच होती. तू दारातून ओरडलास, "चल रे, पहिली फेरी लागली, काय टिकल्या लावत बसलायस!" मी खूण केली. बघितलं नाही, नुसती खूण केली. तू घाई केलीस, याचा मी सहा वर्षं मोठा आधार करून घेतला आहे. घाई तू केलीस. खूण मी केली.

तुझ्या रिमोटमधली सेलची पत्री ढिली होती. धक्का लागून तो क्षणभर बंद पडला असणार. दुसरी कुठलीही गाडी जागीच थांबली असती.

हे इथपर्यंत असतं, तर ती चूक होती. बाबा म्हणतात तशी.

तू दवाखान्यात बाबांजवळ थांबलास आणि मला त्यांचे कपडे आणायला घरी पाठवलंस. घरी कोणी नव्हतं. गाडी कोणीतरी ओसरीत आणून ठेवली होती, पुढचा एक दांडा मोडलेला. मी ती उचलून टेबलावर ठेवली. रिमोट चालू केला. रिमोट बंद केला. चाकं किंचाळली, दादा. मोडक्या दांड्यावरचं चाकसुद्धा. टेबलावरचे स्क्रू उडून भिंतीला लागले.

मी बॅटरी उपसली. बोट बाजूला ठेवलं, ट्रिगर मोकळा, आणि पुन्हा बाइंड केलं. चाळीस सेकंद लागली. वहीचं पान फाडलं. दांडाही बदलला, म्हणजे गाडीला हात लागलेला कळलाच, तर तो दुरुस्तीसाठी लागला असं दिसावं. मग बाबांचे दोन सदरे आणि टॉवेल पिशवीत भरला आणि आलो. तू म्हणालास, "एवढा वेळ?" मी म्हणालो, "सदरा सापडत नव्हता."

मला वाटलं, विषय मिटेल. कोणी गाडी तपासणार नाही. तू तपासशील, हे कसं सुचलं नाही, सांगता येत नाही. आठव्या दिवशी बाबा घरी आले. तू गाडी त्यांच्या पलंगाशी आणलीस. खाली माझा शब्दकोश ठेवलास, चाकं अधांतरी राहावीत म्हणून. म्हणालास, "बाबा, बघा आता. मी रिमोट बंद करतो आणि काय होतं ते बघा." वहिनी दारात, ठकी तिच्या कडेवर. मी पाण्याचा पेला धरून उभा.

तू बंद केलास. चाकं थांबली.

तू पुन्हा चालू करून पुन्हा बंद केलास. पुन्हा थांबली. सहा वेळा केलंस. मी मोजलं. सहाव्या वेळी बाबा म्हणाले, "झालं का? ती गाडी उचल. आणि तूही ऊठ."

तू माझ्याकडे बघितलंस. मला तेव्हा वाटलं, तुला कळलं. आजपर्यंत मला वाटत होतं, तुला कळलेलं आहे आणि तू मोठेपणाने गप्प बसलास. त्या मोठेपणाचा मला फार राग यायचा. मनात म्हणायचो, मागितला होता का मी? मला चोर ठरवून वर उपकारही करतो. तुझ्या प्रत्येक न आलेल्या पत्रात मी तो उपकार वाचला. आणि आता तू लिहितोस, "मलाच वाटतं, बोट राहिलं असेल." म्हणजे तुला काहीच कळलं नव्हतं. तू नुसता माझ्याकडे बघत होतास, पाणी दे म्हणून.

बोट राहिलं नव्हतं. तू सोडला होतास.

बारक्या


१६ एप्रिल

दादा,

अकरा दिवस पत्र नाही. काल आलं ते माझ्या नावावर नाही.

"माननीय दुकानदार, आपल्या दुरुस्ती विभागाच्या पत्रांनुसार जमीन दगडी असल्याने क्रॉलर योग्य वाटतो. कृपया एक पिवळ्या रंगाचा पाठवावा. वीस तारखेच्या आत मिळाल्यास बरे. आपला, ग्राहक."

मालकांनी वाचून दाखवलं. म्हणाले, "पंडित, क्रॉलरबद्दल तर तू यांना काही लिहिलंच नव्हतंस!" मी म्हणालो, "त्यांना आधीपासून माहीत आहे." मालक म्हणाले, "मग इतकी पत्रं कशाला लिहीत होतास?"

तू 'योग्य' शुद्ध लिहिलंस. 'आणि' कुठे येऊ दिला नाहीस.

सोबत क्रॉलर आहे. पिवळा. याला वेग नाही. माणूस चालतो तेवढाच चालतो. मऊ रबराची चाकं दगडाला धरून चढतात. एका बाजूचं चाक हवेत राहिलं तरी दुसरं ओढतं, कारण दोन्ही एकाच दांड्यावर जखडलेली असतात. ट्रिगर सोडला की आहे तिथे थांबतो, चढावरही, मागे घसरत नाही. शर्यतीत याला कोणी विचारत नाही. ठकीला आधी आवडणार नाही, सांगून ठेव. दगड चढायला लागला की आवडेल.

बाबांना सांगितलं.

अकरा तारखेला, सकाळी, बकलं लावायच्या आधी. बांधून झाल्यावर सांगितलं असतं, तर ते उठून जाऊ शकले असते. मला ते नको होतं. तुला लिहिलं तेच सगळं सांगितलं. रबर, खूण, चाळीस सेकंद, फाडलेलं पान. ते माझ्याकडे बघत नव्हते. पट्ट्याकडे बघत होते, तो माझ्या हातात होता.

सांगून झालं. बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं.

मग म्हणाले, "तो म्हणाला होता. सोडला होता म्हणून."

"हो."

"सहा वेळा करून दाखवत होता."

"हो, बाबा."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, मारतील. माझ्या हातातून पट्टा घेतला. मांडीवरची दोन बकलं लावली. पोटरीवरचं लावलं. मागच्या बकलापर्यंत हात पोचेना. तीन-चार वेळा प्रयत्न केला, कपाळावर घाम आला. मी पुढे झालो, तर म्हणाले, "राहू दे."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. रोज स्वतः बांधतात. वीस मिनिटं लागतात. मी दाराबाहेर उभा असतो, पडले तर धरायला. तिसरं बक्कल मोकळं लोंबतं आणि चालताना वाजतं. गुडघा सुटतो आहे, चालणं बघूनच कळतं. दुकानातून आलो की तो आवाज कुठल्या खोलीत आहे, त्यावरून मी दुसऱ्या खोलीत जातो. जेवायला वाढलं की जेवतात. मीठ मागतात. मला नावाने हाक मारतात, बारक्या म्हणत नाहीत.

परवा एवढंच बोलले, "त्याचा पत्ता आहे?"

"आहे."

"लिहून ठेव. मोठ्या अक्षरात."

मी लिहून ठेवला. कपाटावरचा फोटो सुलटा झाला आहे. ते मी केलेलं नाही. तुला त्यांचं पत्र येईल. कधी येईल माहीत नाही. चौथा कागद चालू आहे. त्यांनी तो मला तपासायला दिलेला नाही, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका असतील. त्यांच्या पत्राची वाट बघ किंवा बघू नकोस, पण आलास तर सकाळी ये. सहा वाजता. मागचं बक्कल तिसऱ्या भोकात लागतं. माझ्याकडून ते लावून घेणार नाहीत.

मला तू काही लिहावंस, असं मी म्हणत नाही. मी अजूनही तुझ्यावर चिडतो, जुन्या सवयीने. सकाळी उठलो की पहिला राग तुझाच येतो, मग आठवतं. त्या रागाचं आता काय करायचं, ते कळत नाही. सहा वर्षं तो हाताशी होता.

गाडीबद्दल शेवटचं. बाइंड मी केलेलं नाही. रिसीव्हर कोरा आहे. तो तू कर, ठकीसमोर. ट्रिगरला कोणाचं बोट नको, रबर नको. मग गाडी एखाद्या जाड पुस्तकावर ठेव, रिमोट बंद कर आणि चाकांकडे बघ. तिलाही बघू दे.

यादी खोक्यात वर ठेवली आहे. आठ ओळींसमोर माझी खूण आहे. आठही मी बघून केल्या आहेत. सातव्या ओळीसमोरची जागा कोरी आहे. तशी यादी पाठवायची नाही, असा दुकानाचा नियम आहे. मालकांनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि खोकं बंद केलं.

बारक्या